नुसतं ‘हं’ म्हणणारी

त्या वर्षीची निवडणूक कासारगावात कधी आली आणि कधी रंगली, हे कुणाला कळलंच नाही. भोंगे लावलेल्या रिक्षा नाहीत, रस्ताभर झेंडे नाहीत, गाण्याच्या चालीत उमेदवाराचं नाव कोंबून दिवसभर कान किटवणं नाही. म्हातारी माणसं म्हणायला लागली, चला, पुढारी सुधारले. पुढारी कसले सुधारतात! प्रचार थांबलेला नव्हताच. त्यानं फक्त बोलणं सोडून ऐकायला सुरुवात केली होती.

ही अक्कल ज्या कंपनीची, तिच्या कोल्हापुरातल्या कचेरीत क्रांती खोचरे नोकरीला होती. वय पन्नाशीला टेकलेलं, नवरा पुण्यात, मुलगी शिकायला त्याहून लांब. क्रांती मूळची कासारगावचीच. तरुणपणी ती घरोघरी प्रचाराला जायची तेव्हापासून तिची एक ख्याती होती. ती कुणाला काही पटवायला जायचीच नाही. ओट्यावर टेकायची, पाणी मागायची, “काय म्हणताय?” एवढं विचारायची आणि गप्प बसायची. समोरचा बोलायला लागायचा. ही मधूनमधून ‘हं’ म्हणायची. त्या ‘हं’मध्ये काय होतं कुणास ठाऊक, पण माणसं मनातलं सगळं ओतायची, आणि ती उठेपर्यंत त्यांचं मत सरकलेलं असायचं. वर प्रत्येकाला वाटायचं की आपण आपल्याच डोक्यानं ठरवलं.

हा गुण तिला आईकडून मिळाला होता. गोष्ट सांगणाऱ्याला समोर कुणीतरी हुंकारा देणारं लागतं. हुंकारा थांबला की गोष्टही अडते. खोचऱ्यांच्या घरी सांगणारे म्हणजे क्रांतीचे वडील केरबा खोचरे, सगळ्या गावाचे आण्णा, आणि हुंकारा देणारी तिची आई. आण्णा सभेहून येऊन सगळं भाषण घरात पुन्हा करायचे आणि आई भाकरी थापता थापता ‘हं’ म्हणायची. आईला जाऊन आता सहा वर्षं झाली होती.

कंपनीनं क्रांतीला घेतलं ते पोरांना शिकवायला. तिच्याबरोबर फिरणाऱ्या पोरांच्या खिशात यंत्रं असायची आणि तिची सगळी बोलणी टिपली जायची. तिनं त्याला राजीखुशीनं होकार दिला होता. तीन निवडणुकांची ती साठवण एका नव्या यंत्राला पाजली गेली आणि त्यातून ‘श्रोता’ तयार झाला.

‘श्रोता’ फोन करायचा. कायद्यानं बांधून दिलेलं वाक्य आधी म्हणायचा, की हा स्वयंचलित कॉल आहे, बोलणारा माणूस नाही, यंत्र आहे. सिगारेटच्या पाकिटावरचा इशारा जितका मनावर घेतात तितकंच लोक हे मनावर घ्यायचे. मग तो विचारायचा, तुमच्या भागात कसं काय चाललंय? आणि त्यानंतर नुसतं ‘हं’. क्रांतीच्या आवाजातलं.

यंत्रामागचं शास्त्र तसं साधं होतं. कंपनीचा प्रमुख, अद्वैत करंदीकर नावाचा तिशीतला इंजिनिअर, ते आलेल्या पाहुण्यांना फार हौसेनं समजावून सांगायचा. माणूस बोलतो तेव्हा त्याचं निम्मं लक्ष समोरच्याच्या चेहऱ्यावर असतं. फोनवर चेहरा नाही, तिथं हुंकार हाच चेहरा. हुंकार पटकन आला की बोलणाऱ्याला वाटतं, आपलं बरोबर चाललंय. तोच पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याहूनही थोडक्या उशिरानं आला, की तो अडखळतो, शब्द बदलतो, दुसरी वाट धरतो. आपण वाट बदलली हे त्याचं त्यालाही कळत नाही. माणूस वाक्य कुठं नेऊन संपवणार हे ते संपण्याआधीच ‘श्रोत्या’ला अदमासानं कळायचं, आणि त्याप्रमाणे हुंकार लवकर द्यायचा, उशिरा द्यायचा की गिळायचा, हे तो ठरवायचा.

“आणि गंमत अशी,” अद्वैत म्हणायचा, “की दुसऱ्यानं सांगितलेलं माणूस विसरतो. स्वतःच्या तोंडून निघालेल्या वाक्याला मात्र तो जागतो. आम्ही मत घालत नाही. प्रत्येकाच्या पोटात दोन मतं असतातच. आम्ही त्यातल्या एकाला पाणी घालतो, बस.”

क्रांती मनाशी म्हणायची, हे तर गुराख्याचं काम झालं. गुराखी काही प्रत्येक जनावर दाव्यानं ओढत नाही. नको त्या बाजूला नुसता उभा राहतो आणि जनावर आपणहून वळतं. तिला या सगळ्याचा अभिमान वाटायचा, हे लपवण्यात अर्थ नाही. आपली एक साधी सवय एवढी मोठी ठरली, याचं कुणाला बरं वाटणार नाही?

फक्त या वेळचं गिऱ्हाईक जरा अडचणीचं होतं. इंद्रसेन सरनोबत. कासारगावच्या वरच्या सड्यावर, त्या काळ्या खडकाच्या मोकळ्या पठारावर, त्यांना खाण सुरू करायची होती. पूर्वी त्यांच्या वडिलांना हीच खाण हवी होती, आणि तेव्हा सगळा गाव सड्यावर झोपवून ती ज्यांनी अडवली ते आण्णा होते. लेकीचं नाव क्रांती ठेवणारा माणूस! क्रांतीनं घरी एवढंच सांगितलं होतं की मी सर्वेच्या कंपनीत आहे. आण्णांच्या बाबतीत तिला घोर नव्हता. कंपनीच्या यादीत जन्मात न हलणाऱ्या मतदारांना ‘अढळ’ म्हणत आणि अढळ माणसांवर फोन वाया घालवायचा नाही, असा जुना नियम होता.

दौलू चौगल्यांचा फोन आला तेव्हा ती जेवत होती. दौलूकाका म्हणजे आण्णांचे लहानपणापासूनचे दोस्त, खाणीविरुद्धच्या लढ्यातून उभ्या राहिलेल्या आघाडीचे तालुक्यातले कारभारी.

“पोरी, येऊन बघून जा की बापाला,” ते म्हणाले. “आजारी न्हाई. पर काय तरी झालंय. हल्ली आमच्यात बसत न्हाई. चार वाजलं की घराकडं पळतंय. आणि परवा मला म्हणाला, दौल्या, आपलं चुकलं असंल काय रं? असलं केरबा कधी बोललाय व्हय?”

क्रांतीनं स्वतःची समजूत घातली, वय झालंय, आईविना घर खायला उठतं, माणूस हळवा होतो. रविवारी ती कासारगावला गेली.

आण्णा तिला बघून हरखले. दाढी केलेली, धोतर धुतलेलं, डोळ्यांत तरतरी. ‘फोन करत नाहीस’ ही नेहमीची तक्रारसुद्धा नाही. चहा झाला आणि ते चुळबुळ करायला लागले.

“तू पड जरा. दमून आलीयास,” म्हणाले, आणि फोन घेऊन परसात गेले.

त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते फोन मोठ्यानं लावायचे. क्रांती मागच्या दाराशी उभी राहिली. परसातून तिला तिचंच ‘हं’ ऐकू आलं.

“पोलिसांनी आमाला फरफटत खाली आणलं,” आण्णा सांगत होते. “दौलूचं डोकं फुटलं. रगात थांबंना. आमच्या मंडळींनी पदर फाडून बांधला. तरी एकजण हलला न्हाई. सडा राखला आमी.”

“हं.”

उशिरा आलं ते. केसभरच उशिरा. शिवणकाम करणाऱ्या बाईला दुसऱ्याच्या कपड्याची शिवण आधी दिसावी तसं क्रांतीला ते दिसलं.

आण्णा अडखळले. “राखला म्हणजे... हाय तिथं हाय म्हणायचं. खडक हाय, गवात हाय. माणसं कुठं हाईत पर आता?”

“हं.” लगेच. मऊ, जवळ येऊन बसल्यासारखं.

“व्हय की. ज्यांच्यासाठी राखला ती पोरं पुण्याला गेली. माझी लेकबी गेली. आमच्या गल्लीत संध्याकाळी चार घरांत दिवा लागतोय. गावात काम असतं तर...”

“हं.”

“तर राहिली असती. माझ्याजवळ राहिली असती.”

क्रांतीला पुढं होऊन फोन हिसकावून घेता आला असता. ती हलली नाही. आधी तिला यंत्राचं कसब बघून थक्क व्हायला झालं, मग त्या थक्क होण्याची लाज वाटली, आणि मग लक्षात आलं की आपला बाप एवढं बोललेलं आपण कितीतरी वर्षांत ऐकलेलं नाही. लेकीची आठवण त्यांच्या पोटात होती, हे खरंच होतं. यंत्रानं खोटं काहीच घातलं नव्हतं. त्या आठवणीवरून वाट काढत त्यानं त्यांना सरनोबतांच्या खाणीपर्यंत आणून सोडलं होतं.

आण्णा आत आले ते हलके होऊन. “ऐकत होतीस व्हय?”

“कोण होतं?”

“यंतर हाय. सांगतंय की आधी, मी माणूस न्हाई म्हणून. पर ऐकतंय चांगलं. एक गंमत सांगू? तुझी आई हं म्हणायची नव्हं, तसलंच म्हणतंय.”

क्रांती म्हणाली, “आण्णा, तो फोन घेऊ नका. ते यंत्र माणसाला फिरवतं. उगीच ऐकत नाही ते.”

“मला कोण फिरवणार गं?” आण्णा हसले. “त्यानं एक चकार शब्द सांगितला न्हाई मला. मीच बोलतोय. बरं, न्हाई घेत. तू ऐकतीस? बस हितं. तुला सांगतो सगळं.”

ती बसली. आण्णांनी सड्यापासून सुरुवात केली आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. कचेरीतून होता, घ्यावाच लागणारा. ती बोलून परत आली तेव्हा आण्णा अंगणात झाडलोट करत होते. “राहू दे,” म्हणाले, “तुझी कामं असत्यात.”

कोल्हापूरला परतल्यावर ती सरळ अद्वैतच्या खोलीत गेली. “माझ्या वडिलांचा नंबर यादीतून काढा.”

अद्वैतनं पडद्यावर बघितलं. तो काही दुष्ट माणूस नव्हता; त्याला खरोखरच वाईट वाटलेलं दिसलं. “ताई, ते तुमचे वडील आहेत हे मला माहीत नव्हतं. आडनाव बघायला हवं होतं.”

“अढळ माणसांना फोन करायचा नाही, असा नियम होता ना?”

“तो जुना. कुंपणावरचा माणूस वळला तर एक मत मिळतं. असा माणूस वळला तर त्याच्यामागे गल्ली वळते. त्यांच्यासाठी वेगळी यादी केलीय, वेळही जास्त दिलाय.” त्यानं कळफलक पुढं ओढला. “काढतो मी नंबर. पण ताई, आता काढून काय उपयोग? ते पोचलेत. उलट फोन मध्येच तुटला, तर जे शेवटचं बोलले तेच घट्ट धरून बसतील.”

“मग परत फिरवा त्यांना. तेच यंत्र आहे ना? उलटं चालवा.”

“आपल्याच गिऱ्हाइकाविरुद्ध?”

नंबर काढायचं पुन्हा न बोलता ती बाहेर आली. दौलूकाकांना सांगावं असं तिच्या मनात आलं. पण काय सांगणार? तुमच्या दोस्ताला माझ्या कंपनीनं, माझ्या आवाजानं वळवलं, म्हणून? उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता प्रचार संपण्याचा दिवस उजाडला.

आघाडीची सांगता सभा तालमीसमोरच्या चौकात व्हायची आणि तिथं पहिलं भाषण आण्णांचं, हा रिवाज आघाडीच्या जन्मापासूनचा. काय बोलणार हे त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं. या खेपेलाही विचारलं नाही, आणि घात झाला तो इथं. दौलूकाकांना शंका होती, पण केरबाला भाषण आधी दाखव म्हणायला त्यांची जीभ रेटली नाही. क्रांती सभेला आली होती. व्यासपीठाच्या अगदी पायथ्याशी, बायकांमध्ये उभी होती. दुपारभर तिनं आण्णांना विनवलं होतं, तब्येतीचं निमित्त करा, आज बोलू नका. “न बोलून कसं चालंल? गाव वाट बघतंय,” एवढंच ते म्हणाले होते.

आण्णांनी नेहमीसारखा हात वर केला. “सडा कुणाचा?”

“आमचाऽ!” चौक गरजला.

“आमचा,” आण्णा म्हणाले. “तर मग त्याच्यावर आमच्या पोरांनी पोट का भरू नये?”

लोकांना वाटलं, पुढं काहीतरी टोला आहे. काहीजण हसलेसुद्धा.

“मी लई इचार केला. कुणी सांगितलं न्हाई मला. माझा मीच केला.” आणि ते थांबले.

लोक वाट बघायला लागले. दौलूकाकांनी पाण्याचा गिलास पुढं केला. आण्णांनी तो बाजूला सारला. त्यांना पाणी नको होतं. म्हातारा घसा बसून अडला नव्हता, हे त्या चौकात एकट्या क्रांतीला कळलं. ते वाक्य संपवून हुंकाराची वाट बघत होते. रोज परसात त्या जागी ‘हं’ यायचं. इथं शेकडो माणसं होती आणि ते देणारं कुणी नव्हतं.

“काय झालं रं आण्णाला?” मागून कुणीतरी म्हणालं. कुणी शिट्टी मारली. एक तरणा पोरगा ओरडला, “बसवा खाली म्हाताऱ्याला!”

आण्णांचा हात हवेत तसाच होता. जन्मभर ज्या माणसाचा शब्द गावानं चौकात खाली पडू दिला नाही, तो तिथं बावरलेल्या पोरासारखा उभा होता आणि त्याची नजर माणसांमधून कुणाला तरी हुडकत होती. क्रांतीला ते बघवेना. पुढं काय होणार याचा विचार तिनं केला नाही. तोंडातून निघालंच.

“हं.”

फार मोठ्यानं नव्हे. पण ती जवळ होती आणि त्या आवाजाला त्यांचे कान सरावलेले होते. आण्णांचा चेहरा उजळला. हात खाली आला. आणि मग ते थांबले नाहीत. रिकाम्या घरांबद्दल बोलले, पुण्याला गेलेल्या पोरांबद्दल बोलले, स्वतःच्या लेकीबद्दल बोलले, आणि शेवटी म्हणाले, “सरनोबताला माझा इरोध न्हाई. मी माझं मत त्याला देणार. तुमी तुमचं बघा.” त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं भाषण होतं. चौकात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली.

दौलूकाकांनी ती मोडली. ते आण्णांच्या समोर जाऊन उभे राहिले. ओरडले नाहीत.

“किती घेतलंस, केरबा?”

ध्वनिक्षेपक चालूच होता. सगळ्या गावानं ते ऐकलं.

घरी आल्यावर आण्णा कॉटवर भिंतीकडे तोंड करून बसले. दिवेलागण झाली तरी कुणी फिरकलं नाही. सांगता सभेनंतर ज्या घरी चहाचं पातेलं उतरायचं नाही, त्या घराकडे बघत लोक पुढं निघून जात होते. समोरच्या घरातल्या बाईनं क्रांती दिसताच दार ओढून घेतलं.

“दौल्यानं इचारावं,” आण्णा म्हणाले. “दुसऱ्या कुणी इचारलं असतं तर...”

मग क्रांतीनं सगळं सांगितलं. फोन कुणाचा होता, सरनोबतांचे पैसे, तिची नोकरी, हुंकार लवकर कसा येतो, उशिरा कसा येतो, आणि तो आवाज कुणाचा. स्वतःला तिनं कुठंही वाचवलं नाही. “मी आत्ता दौलूकाकांकडे जाते,” ती म्हणाली. “सगळ्या गावाला सांगते. पैशाचा डाग तरी धुऊन निघेल. तुम्ही विकले गेला नाही, तुम्हाला फसवलं, हे लोकांना कळू दे.”

आण्णा भिंतीकडून तिच्याकडे वळले.

“म्हंजे मी बोललो ते माझं नव्हतं?”

“तुमचंच होतं. पण...”

“पर दुसऱ्यानं वळवून काढलेलं.”

क्रांती चप्पल घालायला दाराकडे वळली.

“मग जाऊ नकोस,” आण्णा म्हणाले. “पैसे खाल्लं म्हणू देत. पैसे खाणारा माणूस शहाणा तरी असतोय. त्यानं काय केलं ते त्याला ठाऊक असतंय. आज ह्ये माझं न्हाई म्हटलं, तर उद्या लोक म्हणतील, सड्यावर झोपला तेव्हा तरी ह्याचं डोकं ह्याचं होतं काय? त्यो लढाबी जाईल माझा. तोंड उघडलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील.”

शपथच घातली. क्रांती गेली नाही. दौलूकाकांना खरं काय ते कधीच कळलं नाही आणि ते खोचऱ्यांच्या दारात पुन्हा आले नाहीत.

सरनोबत निवडून आले. आण्णांच्या गल्लीनं त्यांना भरभरून मतं दिली. वर गावात बोललं गेलं की केरबानं गल्लीसकट सौदा केला. निकालानंतर ‘श्रोत्या’चे फोन बंद झाले, काम झाल्यावर कोण कशाला फोन करतंय?

क्रांतीनं राजीनामा दिला आणि ती कासारगावला येऊन राहिली. आता बापाजवळ बसायचं, त्याचं ऐकायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं. आपल्याला जमतं ते हेच, अशी तिला खात्री होती.

पहिल्या दिवशी संध्याकाळी तिनं विचारलं, “आण्णा, सड्यावर पहिल्या दिवशी किती माणसं होती हो?”

ते बोलायला लागले. आधी चाचरत, मग जरा खुलून. तिला बरं वाटलं. कुठल्याशा वाक्याला तिच्याकडून सवयीनं ‘हं’ निघालं.

आण्णा जागच्या जागी थांबले. तिच्याकडे निरखून बघत म्हणाले, “आता कुठं वळवालीस?”

“कुठं नाही हो. मी नुसती ऐकतेय.”

“तेबी नुसतंच ऐकत होतं.”

दुसऱ्या दिवशी तिनं ओठ घट्ट मिटून ऐकलं. मान हलवली. पण हुंकाराशिवाय त्यांची गाडी चालेना; चार वाक्यांत ते थकले आणि उठून गेले. तिनं “व्हय” म्हणून बघितलं, “बरोबर” म्हणून बघितलं. प्रत्येक वेळी ते आपलंच वाक्य मनात उलटंपालटं करून तपासायचे, हे मी म्हणालो की हिनं काढून घेतलं? आणि मग ते वाक्य अर्ध्यावर टाकून द्यायचे. मग त्यांनी बोलणं कमी केलं. “जेवलो”, “नको”, “ऊन आलं” एवढ्यावर दिवस जायला लागले. लाकडाला वाळवी आतून खाते तसे ते डोळ्यांदेखत पोकळ होत चालले. क्रांती स्वयंपाकघरात जाऊन रडायची. तिची सगळी विद्या तिच्या कामाची राहिली नव्हती, आणि ती गेली होती तिच्याच हातानं.

एके दुपारी आण्णा आपणहून बोलले. “त्या यंतराला परत लावायला सांगता येतंय काय गं?”

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. “आण्णा, त्यानंच तर...”

“ठाऊक हाय. वळवंल. वळवू दे.” ते तिच्याकडे न बघता बोलत होते. “ते त्याचं कामच हाय. त्याचं मला काय वाटत न्हाई. तू लेक हाईस. तू हं म्हणतीस तवा मला वाटतंय, ही माया हाय का कसब हाय? आणि ते इचारत बसलो की बोलणंच व्हईना. त्याच्यासंगं तो सवाल न्हाई.”

माया की कसब, हे तिला स्वतःलाही नीटसं ठाऊक नव्हतं, हीच खरी अडचण होती.

पुढच्या आठवड्यात दूध संघाची निवडणूक लागली. क्रांतीनं दोन दिवस फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. तिसऱ्या दिवशी लावला. अद्वैतनं लगेच उचलला. राजीनामा मागं घेताय का, असं त्यानं आशेनं विचारलं.

“नाही. एक नंबर यादीत घालायचाय. कासारगावचा. खोचरे.”

तो सावधपणे म्हणाला, “ताई, ते आता कुणाच्या उपयोगाचे नाहीत. गाव त्यांचं ऐकत नाही. यंत्र असा नंबर घेणारच नाही.”

“हातानं घाला.”

“ठीक आहे. पण दोन पॅनेल आहेत आणि दोघंही आपले ग्राहक आहेत. यंत्राला काहीतरी एक सांगावंच लागतं, नाहीतर ते चालत नाही. त्यांना कुठल्या बाजूला वळवायचं?”

क्रांतीनं दारातून आत बघितलं. आण्णा कॉटवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांचे ओठ हलत होते; काहीतरी सांगत होते ते, आवाज न करता. एक वाक्य झालं की थांबत होते, जरा वाट बघत होते, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते.

“कुठंही वळवा,” ती म्हणाली. “पण रोज फोन करा.”